न संपणारे पान

रात्रीची जेवणे आटोपली, की आबांच्या खाटेशेजारचा दिवा लावायचा, सकाळी आलेले वर्तमानपत्र उघडायचे आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ते त्यांना वाचून दाखवायचे, असा त्या घरात एक नेम होता. आबांच्या एका डोळ्यावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. दुसऱ्या डोळ्याची व्हायची होती. बारीक अक्षर त्यांना लागत नसे. म्हणून हे काम सातवीत शिकणाऱ्या नातवाकडे आले होते. घर निफाड तालुक्यातले, कांद्या-द्राक्षांच्या मुलखातले. त्यामुळे जगातील मोठमोठ्या घडामोडी आबा मिटल्या डोळ्यांनी ऐकत; परंतु लासलगावच्या बाजारातील कांद्याचे भाव आले, की ते उठून बसत आणि "पुन्हा वाच" म्हणत. मुलाला या कामाचा कधी कधी कंटाळा येई. तरी नेम कधी चुकला नव्हता.

तो एका बुधवारी चुकला.

त्या दिवशी शाळेत निसर्गवहीसाठी हळद्या पक्ष्याचे चित्र काढून आणण्यास सांगितले होते. हळद्याचा पिवळाधमक रंग मुलाच्या परिचयाचा होता. पण त्याच्या डोळ्यापाशी असलेली काळी रेघ कोठून कोठपर्यंत जाते, हे त्याला नेमके आठवेना. त्याने वडिलांचा मोबाईल मागून घेतला. दोन मिनिटांत पक्षी सापडला. रेघ डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, हे कळले. काम झाले होते. फोन परत द्यावा, एवढेच उरले होते.

परंतु देण्यापूर्वी त्याने सहज म्हणून एक छोटीशी चित्रफीत उघडली. तीत एक सुगरण पक्षी खोपा विणत होता. ती अर्ध्या मिनिटात संपली आणि अंगठा वर सरकताच तिच्या जागी दुसरी आली. चाकावर माठ घडवणारा कुंभार आला. मग बर्फाच्या डोंगरातून जाणारी आगगाडी, मग एका फलंदाजाचा उडालेला त्रिफळा, मग चष्मा घातलेला कुत्रा. कोणी एकाच कढईत पन्नास अंडी फोडत होते, कोणी अर्धेच गाणे म्हणत होते, तर कोणी उगीचच हसत होते. आईने जेवायला हाक मारली. "आलोच," असे तो म्हणाला. ही 'आलोच' त्याने चार वेळा म्हटले, तेव्हा कोठे तो पानावर आला, आणि चार घास पोटात ढकलून पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसला. शेवटी फोनची बॅटरी संपली आणि पडदा काळा झाला. मुलाने मान वर केली, तो घड्याळात पावणेदहा वाजलेले!

बाहेरच्या खोलीत दिवा जळत होता. तो आबांनी स्वतःच लावून ठेवलेला असावा. ते भिंतीकडे तोंड करून झोपी गेले होते. उशाशी वर्तमानपत्र होते, जसेच्या तसे घडी घातलेले, आणि त्या घडीवर त्यांचा चष्मा होता.

अर्ध्या मिनिटाची एक चित्रफीत धरली, तर दीड तासात एकशे ऐंशी होतात. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मुलाने त्या आठवून पाहण्याचा प्रयत्न केला. सुगरण आठवली, कुंभार आठवला, चष्मा घातलेला कुत्रा आठवला. चौथ्याशी गाडी अडली. उरलेल्या पाऊणदोनशे कोठे गेल्या, याचा त्याला पत्ता लागेना.

आता कोणी म्हणेल, मुलगा आळशी असला पाहिजे, किंवा त्याला वडीलमाणसांची कदर नसली पाहिजे. तसे काही नव्हते. त्याच मुलाने त्याच आठवड्यात गोष्टीचे एक पुस्तक वाचून पुरे केले होते आणि ते संपताच मिटून फडताळात ठेवले होते. पुस्तक मिटता आले, कारण पुस्तकाला शेवटचे पान होते. सारा फरक येथेच आहे.

माणसाने पूर्वापार ज्या ज्या वस्तू करमणुकीसाठी किंवा ज्ञानासाठी निर्माण केल्या, त्यांना कोठे ना कोठे शेवट होता. आजीची कहाणी सुफळ संपूर्ण होई. कीर्तनाची आरती होई आणि बुक्का लावून मंडळी घरोघर जात. तमाशा कितीही रंगला, तरी पहाटे फड उठे. आकाशवाणीची सभा समाप्त होई. विहिरीवरचा रहाट दिवसभर फिरत असला, तरी ऊन चढले की बैल सोडावेच लागत. या प्रत्येक ठिकाणी एक क्षण असा येई, की त्या वेळी माणसाला उठण्यास कोणी सांगावे लागत नसे. गोष्टच संपलेली असे. आणि मग, "चला, आता झोपावे," किंवा "चला, गुरांना पाणी दाखवावे," असे त्याचे त्यालाच सुचे. हा क्षण किती मोलाचा असतो, हे तो नाहीसा होईपर्यंत कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

तो नाहीसा कसा झाला, याची हकीकत मोठी विचित्र आहे. कारण ज्याच्या हातून हे घडले, त्याच्या मनात वाईट काहीच नव्हते.

इंटरनेटवर पूर्वी पाने असत. पुस्तकाच्या पानांसारखीच ती खालच्या टोकाला संपत, आणि तेथे 'पुढील पान' अशा अर्थाची एक खूण असे. तिच्यावर बोट ठेवले तरच पुढचे पान उघडे. 2006 मध्ये एझा रास्किन नावाच्या एका तरुण अमेरिकन रचनाकाराला ही खूण अनावश्यक वाटली. हा तरुण अशा विषयांचे बाळकडू घेऊनच वाढलेला होता. त्याचे वडील जेफ रास्किन यांनी ॲपल कंपनीत मॅकिंटॉश संगणकाच्या कामाची सुरुवात केली होती, आणि यंत्राने माणसाशी सौजन्याने वागावे, हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास होता. मुलाने असा विचार केला, की वाचणारा पानाच्या तळाशी पोचला आणि तरी थांबला नाही, तर त्याला आणखी हवे आहे हे उघडच आहे. मग त्याला पुन्हा पुन्हा विचारण्याचा त्रास का द्यावा? म्हणून त्याने अशी योजना केली, की वाचणारा तळाशी येण्याच्या आतच खाली नवा मजकूर येऊन बसावा. जेवणारा घास घेतो न घेतो, तोच ताटात दुसरी पोळी पडावी, तसे हे होते. लग्नाच्या पंगतीत असा आग्रह सर्वांनी अनुभवलेला असतो; परंतु तेथे निदान हात आडवा धरता येतो, आणि वाढप्याचीही टोपली कधी तरी रिकामी होते.

काही वर्षांनी, आपल्या कल्पनेचे लोकांच्या घरात काय झाले, हे पाहून रास्किन अस्वस्थ झाला. मनात आलेल्या ओढीला मनानेच आवरण्यासाठी थोडी उसंत लागते, आणि ती उसंतच आपण काढून घेतली, ही गोष्ट त्याने उघडपणे मान्य केली. आपल्या हातून झालेल्या चुकीची अशी कबुली देणारी माणसे कोणत्याही धंद्यात थोडीच असतात. 2018 मध्ये तो आपल्या सहकाऱ्यांसह 'सेंटर फॉर ह्यूमेन टेक्नॉलॉजी' या संस्थेच्या स्थापनेत सहभागी झाला. यंत्रांची रचना माणसाच्या हिताची असावी, यासाठी ही संस्था झटते. त्याच सुमारास प्राण्यांची भाषा संगणकाच्या मदतीने उलगडते का, हे पाहण्याच्या एका प्रकल्पातही तो पडला. देवमासे एकमेकांशी काय बोलतात, हे ऐकण्यासाठी फार मोठी उसंत लागत असेल!

पण सगळा दोष त्या एका युक्तीवर ढकलणे बरोबर नाही. त्याच 2006 साली सप्टेंबर महिन्यात फेसबुकने आपल्या घडणीत एक मोठा बदल केला. तोवर एखाद्या मित्राचे कुशल जाणून घ्यायचे, तर त्याच्या पानावर जावे लागे. म्हणजे त्याच्या घरी जाऊन कडी वाजवण्यासारखेच ते होते. नव्या रचनेत सगळ्या मित्रांच्या बातम्या एकाच ओघात आपल्या दारातून वाहू लागल्या. आरंभी अनेकांना हा प्रकार मुळीच आवडला नाही. त्यांनी निषेधही केला. पुढे तो निषेध मावळला आणि ओघ तेवढा उरला. त्या ओघाला तळ नाही, हे जमल्यावर त्यात कोणती वस्तू केव्हा सोडायची, हे ठरवणारी यंत्रणाही आली. माणूस कोणत्या चित्रापाशी किती क्षण रेंगाळला, कोणते चित्र त्याने झटकन वर ढकलले, कोणते दोनदा पाहिले, हे सारे ती टिपून ठेवते आणि त्यावरून पुढचे ताट वाढते. गावातला जुना वाणीही गिऱ्हाइकाची आवड लक्षात ठेवीत असे. पण तो संध्याकाळी दुकानाच्या फळ्या लावी आणि उधारी फार वाढली, की "आधी मागचे द्या," असेही म्हणे. येथे वस्तू फुकट मिळते, म्हणून कोणाला संशय येत नाही. खरे म्हणजे जाहिरातदार त्या कंपनीला जे पैसे देतात, ते पाहणाऱ्याच्या वेळेचे देतात. मूल जितके जास्त वेळ बसेल, तितक्या जास्त जाहिराती त्याच्यासमोरून नेता येतात. विकला जाणारा माल म्हणजे त्या बुधवारचा दीड तास होय.

येथे एका कबुतराची गोष्ट सांगितली पाहिजे.

बी. एफ. स्किनर नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी कबुतरांवर पुष्कळ प्रयोग केले. एका पेटीत भुकेले कबूतर ठेवायचे. पेटीच्या भिंतीवर एक चकती असे. कबुतराने चकतीवर चोच मारली, की दाणे मिळत. प्रत्येक वेळी दाणे मिळाले, तर कबूतर शहाण्यासारखे वागे. भूक असेतोवर चोच मारी, पोट भरले की स्वस्थ बसे, आणि दाणे येणे कायमचे बंद झाले तर थोड्याच वेळात नाद सोडून देई. मग स्किनरांनी नियम बदलला. कधी चार वेळा चोच मारल्यावर दाणे, कधी चाळीस वेळा मारल्यावर, तर कधी लागोपाठ दोनदा. केव्हा मिळतील याचा काहीच भरवसा नाही. आता खरे पाहता कबुतराने कंटाळावे. परंतु झाले उलटेच. ते न थांबता चोची मारीत राहिले आणि दाणे पार बंद केल्यावरही कितीतरी वेळ मारीत राहिले. चार्ल्स फर्स्टर या सहकाऱ्यासह स्किनरांनी या प्रयोगांवर एक जाडजूड ग्रंथ 1957 मध्ये प्रसिद्ध केला. त्या वेळी हातात मावणारा फोन कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

त्या बुधवारी मुलाचा अंगठा वर सरकत होता, तेव्हा त्याला मिळणारे दाणे असेच बेभरवशाचे होते. सुगरणीची चित्रफीत सुंदर होती. नंतरच्या सात टाकाऊ होत्या. मग कुंभार आला. पुन्हा बारा टाकाऊ. प्रत्येकच चित्रफीत सुगरणीइतकी सुंदर असती, तर मुलगा कदाचित लवकर तृप्त होऊन उठला असता. सगळ्याच टाकाऊ असत्या, तर चटकन उठला असता. 'पुढची चांगली असेल,' या आशेने त्याला धरून ठेवले. गळाला मासा लागेल म्हणून दिवसभर ओढ्याकाठी बसणाऱ्या पोराला ही आशा ठाऊक असते. फक्त ओढ्याकाठी बसणाऱ्याला मधल्या वेळात वारा लागतो, पाण्यावरची निवळी दिसते, आणि आपल्याला भूक लागली आहे हे कळते.

मूल म्हणजे कबूतर नव्हे, हे तर झालेच. कबुतराला पेटी बांधणारा हात कधी दिसला नाही. मुलाला तो दाखवता येतो. पण मोठी माणसे तो दाखवणार कोणत्या तोंडाने? एस.टी.च्या थांब्यावर पूर्वी अनोळखी माणसेही पाऊसपाण्याच्या गोष्टी बोलत; आता दहा माणसे उभी असली, तर दहा माना खाली. दवाखान्यात, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या मांडवात हेच दृश्य असते. वडील मुलाला रागे भरतात आणि रागे भरून झाल्यावर स्वतःचा फोन हातात घेतात. ज्याला क्षणभर रिकामे बसणे असह्य होते, त्याला दुसऱ्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकणेही हळूहळू जड जाऊ लागते. बोलणारा वाक्याच्या मध्यावर असतो, आणि ऐकणाऱ्याचा अंगठा हलतो. जणू समोरच्या माणसालाही वर सरकवता येईल!

कॅलिफोर्नियातील प्राध्यापिका ग्लोरिया मार्क यांनी कार्यालयात काम करणाऱ्या प्रौढ माणसांचे निरीक्षण अनेक वर्षे केले. 2004 च्या सुमारास अशी माणसे संगणकाच्या पडद्यावरील एका गोष्टीवर सरासरी अडीच मिनिटे लक्ष ठेवीत. अलीकडच्या वर्षांत हा काळ 47 सेकंदांच्या आसपास आला. याला एकटे न संपणारे पानच कारणीभूत आहे, असे म्हणता येणार नाही. कामेही बदलली, साधनेही वाढली. तरीपण 47 सेकंदांत काय होते, हे घड्याळ समोर ठेवून कोणीही पाहावे. दोन अंकी भागाकाराचे एक गणितसुद्धा धडपणे सुटत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर तो अन्याय होईल. ज्या फोनने आबांचे वर्तमानपत्र बुडवले, त्यानेच दोन मिनिटांत हळद्याची रेघ दाखवली होती. डोंगरातल्या वस्तीवरील एखादी मुलगी त्याच्यावर गणिताचा धडा पाहते. शेतकरी पावसाचा अंदाज पाहून कांदा झाकतो. दूरदेशी गेलेल्या लेकीचे तोंड आईला रोज दिसते. या कामांना आरंभ असतो आणि शेवटही असतो. लेक "बरं, ठेवते आता" म्हणते आणि फोन खाली ठेवला जातो.

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे एक गाव आहे. उसाच्या शेतीचे गाव. कोरोनाच्या साथीत शाळा बंद होत्या आणि मुलांचे वर्ग फोनवर भरत, तेव्हा फोन मुलांच्या हाती आला. शाळा उघडल्या, तरी तो हातातून सुटेना. 2022 च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गावाने एक निश्चय केला. रोज संध्याकाळी सात वाजता गावच्या देवळावरचा भोंगा वाजायचा. तो वाजला, की घरोघरचे दूरदर्शनसंच आणि फोन बंद करायचे, आणि मुलांनी अभ्यासाला बसायचे. साडेआठला दुसरा भोंगा, मग मोकळीक. आरंभी काहींनी हे हसण्यावारी नेले. पण गावकरी घरोघर फिरले, समजावले, आणि भोंगा वाजू लागला. मौज अशी, की त्या गावाने फोन फोडला नाही की पुरला नाही. कोणीतरी काढून टाकलेला शेवट त्यांनी भोंग्याच्या रूपाने परत आणून बसवला, इतकेच. भोंगा सर्वांसाठी एकदम वाजतो, हीही त्यातली खुबी आहे; आपण एकटेच उठलो आणि बाकीचे मजा करीत बसले, असे कोणाला वाटत नाही.

ऑस्ट्रेलियाने निराळा मार्ग धरला. सोळा वर्षांखालील मुलांना अशा समाजमाध्यमांवर खाते ठेवता येणार नाही, असा कायदा त्या देशाने 2024 मध्ये केला आणि 10 डिसेंबर 2025 पासून तो अमलात आणला. कायदा चांगला की वाईट, यावर पंडितांचे वाद आहेत. एवढे मात्र दिसते, की कायद्याने दाराला कुलूप लागले. दाराआडचे पान पूर्वीइतकेच लांब आहे आणि सोळा वर्षे सर्वांचीच पूर्ण होतात.

निफाड तालुक्यातल्या त्या घरात भोंगा नव्हता. गुरुवारी संध्याकाळी मुलाने हळद्याचे चित्र दाखवून वडिलांना फोन परत दिला, आणि जेवण झाल्यावर तो आबांच्या खाटेपाशी येऊन बसला. आबा काल रात्रीबद्दल काही बोलले नाहीत. ते बोलले असते, तर मुलाला बरे वाटले असते. त्याने त्या दिवशीचा अंक उघडला.

"आधी कालचा वाच," आबा म्हणाले.

"कालचा शिळा झाला, आबा."

"होऊ दे शिळा. कालचा भाव कळल्यावाचून आजचा चढला की उतरला, ते कसं कळायचं?"

मुलाने उशाशी असलेली घडी मोडली. कालच्या अंकाची पाने अजून एकमेकांना चिकटून होती. त्याने वाचण्यास सुरुवात केली. लासलगावचा भाव आला, तेव्हा आबा उठून बसले. आजच्या अंकातला आला, तेव्हा पुन्हा उठून बसले, आणि दोन्हींतला फरक त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजला. मधेच आतल्या खोलीत फोन एकदा थरथरला. मुलाची नजर तिकडे गेली. "हं, पुढे?" असे आबा म्हणाले. त्याने ओळीवर बोट ठेवले आणि तो पुढे वाचू लागला.

शेवटच्या पानाच्या अगदी तळाशी मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव असते. ते कोणी वाचत नाही. मुलाने तेही वाचून दाखवले.

"आता खाली काही नाही ना?" आबांनी विचारले.

"नाही. संपलं."

"मग दिवा मालव."